नानांबरोबर बर्गंडीत: पाच दिवस, तीन डझन बाटल्या

दिवस पहिला, 10 जून: श्टुटगार्ट ते बोन

नाना दारूला शिवत नाहीत. गळ्यात तुळशीची माळ आहे आणि ती त्यांनी मनापासून पाळली आहे. पण द्राक्षाच्या वेलीसमोर उभं केलं तर तासभर जागचे हलत नाहीत. निफाड तालुक्यात आमची साडेपाच एकर बाग. 2001 साली सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं, करार घेऊन माणसं गावोगाव फिरू लागली. तेव्हा नानांनीही दोन एकरांत वाइनची द्राक्षं लावली, शेनिन ब्लां. 2009-10 च्या सुमारास बाजार बसला. ज्यांच्याशी आमची बोली होती त्यांनी माल उचलला, पैसे मात्र आले नाहीत. नानांनी वेली खोडापासून काढल्या आणि परत थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, लावली. त्या हंगामात घरात कुणी फारसं बोलत नव्हतं, हे मला अजून आठवतं.

म्हणून यंदा ते आमच्याकडे जर्मनीत आले आणि मी म्हटलं, "नाना, फ्रान्सात बर्गंडीला जाऊ, पाच दिवस," तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तिथं शेतकऱ्याला बाटलीमागं काय मिळतं?"

माझं काम वेगळं होतं. वर्षभर घरी पिता येईल, चार माणसं जेवायला आली तर बिनधास्त उघडता येईल अशी बर्गंडीची वाइन मला हवी होती, लाल आणि पांढरी दोन्ही. तीन डझन बाटल्या, आणि एका बाटलीला जास्तीत जास्त अठरा युरो. युरो साधारण शंभर रुपयांचा धरला तर अठराशे रुपये. बर्गंडीचं नाव घेतलं की लोक म्हणतात, एवढ्यात काय मिळणार? पण तिथल्या एकूण वाइनमध्ये ग्रां क्रू म्हणजे सर्वात वरच्या मानाच्या वाइनचा वाटा जेमतेम एक टक्का आहे. त्याखाली प्रीमिए क्रू, त्याखाली गावाच्या नावाने विकली जाणारी, आणि सर्वात खाली नुसतं 'बूर्गोन्य' (बर्गंडीचंच फ्रेंच नाव) किंवा त्याला एखादं उपनाव जोडलेली प्रादेशिक वाइन. ही शेवटची पायरी एकट्याने निम्म्याच्या आसपास भरते. मला तिथेच शोधायचं होतं.

गाडी नवरा चालवणार होता. तो चाखणार नाही हे आधीच ठरलेलं. पाच-सहा तासांत दिजाँ आलं आणि तिथून आम्ही मोठा रस्ता सोडून डी 974 धरला. बर्गंडी समजून घ्यायची तर हा रस्ता म्हणजे पहिला धडा. उजव्या हाताला, पश्चिमेला, टेकडीचा उतार. त्याच्या मधल्या पट्ट्यात ग्रां क्रू, वर-खाली प्रीमिए क्रू, त्याखाली गावाची वाइन. डाव्या हाताला सपाटी, आणि तिथे बहुतेक ठिकाणी साधी 'बूर्गोन्य'. मी हे सांगायला तोंड उघडलं तोवर नानांनी काच खाली करून सांगून टाकलं, "इकडं निचरा आहे, तिकडं पाणी साचत असणार. चिकण माती दिसते."

वेली पाहून मात्र ते चकित झाले. आपल्याकडे मांडव किंवा वाय आकाराचा आधार, माणूस खालून चालतो. इथे वेल कमरेएवढी. हेक्टरी दहा हजार वेली, म्हणजे एकरी चार हजार. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी हजाराच्या आतच बसतात. ट्रॅक्टर दोन ओळींच्या मधून जाऊच शकत नाही, म्हणून इथला ट्रॅक्टर उंच पायांचा असतो, ओळ पोटाखाली घेऊन चालतो. नानांनी त्याचा व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला.

व्होन-रोमाने गावामागे रोमाने-काँतीचं शेत आहे. दगडी कुंपण, कोपऱ्यावर क्रूस. 1.8 हेक्टर, म्हणजे साडेचार एकर. जगातल्या सर्वात महागड्या वाइनपैकी एक या तुकड्यातून निघते. नाना कुंपणाबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्यापेक्षा एकराने कमी."

पण खरी गोष्ट त्यांना उमगली ती थोडं अलीकडे, क्लो द व्हूजोला. सिस्टर्सियन मठाच्या साधूंनी भिंत घालून जपलेली ही जवळपास 50 हेक्टर जमीन. फ्रेंच क्रांतीत चर्चच्या जमिनी विकल्या गेल्या, पुढे वारसांत वाटण्या होत राहिल्या, आणि आज या एका भिंतीच्या आत सुमारे 80 मालक आहेत. "एका सातबाऱ्यावर ऐंशी नावं," नाना म्हणाले. मग थोड्या वेळाने: "मग वाइन कुणाची चांगली, हे शेतावरून कसं कळणार? कुणी कसली त्यावरून कळणार." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुढचे चार दिवस आम्ही त्याच्याच मागे गेलो.

संध्याकाळी बोनला पोचलो. मुख्य चौकाजवळच्या एका दुकानात मी घाईने एक लाल 'बूर्गोन्य' घेतली, चोवीस युरोंना, सुंदर जुनाट अक्षरांचं लेबल पाहून. रात्री उघडली. पाणचट, आंबट, आणि शेवटी लाकडाची कडू चव. लेबल नीट वाचलं तेव्हा कळलं की त्यावर 'मीझ आं बुतेय ओ दोमेन' हे शब्दच नव्हते. म्हणजे ज्याने पिकवली त्याने बाटलीत भरलेली नव्हती, कुणीतरी विकत घेऊन भरलेली होती. व्यापाऱ्याची वाइन वाईटच असते असं मुळीच नाही, बोनमधल्या काही जुन्या पेढ्या फार चांगलं काम करतात. पण अनोळखी व्यापाऱ्याची, पर्यटकांच्या रस्त्यावरची, नुसती 'बूर्गोन्य' घेणं म्हणजे डोळे मिटून खरेदी. द्राक्षं प्रदेशाच्या कुठल्या टोकाची, ते लेबल सांगत नाही. 2017 पासून 'बूर्गोन्य कोत दोर' असं वेगळं उपनाव मिळालं आहे. ते असेल तर निदान माल दिजाँपासून बोनच्या दक्षिणेपर्यंतच्या या प्रसिद्ध पट्ट्यातला आहे एवढी खात्री मिळते.

दिवस दुसरा, 11 जून: बोन आणि वरचा डोंगर

सकाळी ओतेल-द्य म्हणजे जुनं धर्मादाय रुग्णालय पाहिलं. 1443 साली बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सेलर निकोला रोलाँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालाँ यांनी गोरगरिबांसाठी उभारलेलं. रंगीत कौलांचं छप्पर, आत रांगेने लाल पडद्यांचे पलंग. 1971 पर्यंत इथे रुग्ण होते. लोकांनी शतकानुशतकं दान दिलेल्या द्राक्षबागा आजही संस्थेकडे आहेत, सुमारे 60 हेक्टर, आणि त्यांच्या वाइनचा लिलाव 1859 पासून होतो, आता नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. नाना देवस्थानच्या इनाम जमिनींबद्दल बोलत राहिले. दवाखाना चालवायला दिलेली बाग अजून दवाखान्याच्याच कामी येते, याचं त्यांना फार समाधान वाटलं.

अकराला आम्ही डोंगर चढलो. प्रसिद्ध उताराच्या माथ्यावरून पलीकडे गेलं की ओत-कोत, म्हणजे 'वरचे उतार', सुरू होतात. उत्तरेला ओत-कोत द न्वी, दक्षिणेला ओत-कोत द बोन. तीनशे-चारशे मीटर उंची, अधेमधे रान, गायी, गहू. इथे खालच्यापेक्षा थंड, त्यामुळे द्राक्ष आठ-दहा दिवस उशिरा पिकतं. पूर्वी हेच या भागाचं दुखणं होतं. थंड वर्षी पिनो न्वार, म्हणजे इथली लाल वाइनची द्राक्षं, धड पिकायचीच नाहीत, वाइन कच्ची लागायची. आता उन्हाळे तापू लागले आहेत, आणि खालच्या बागांत साखर घाईने चढते तेव्हा इथला आंबटपणा टिकतो. ही वाइन सुधारली आहे हे जाणकारांना माहीत आहे, पण नाव प्रादेशिकच राहिलं आणि भावही.

ज्यांच्याकडे वेळ घेतली होती ते कुटुंब चौथ्या पिढीत शेती करतं. आधी फोन किंवा मेल करून जाणं गरजेचं, कारण ही दुकानं नाहीत, घरं आहेत. दार उघडणारी माणसं दहा मिनिटांपूर्वी फवारणी करत असतात. इथे तर तसंच होतं. मालक हात पुसत आले, साठीच्या आसपासचे, उन्हाने रापलेले. नानांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग पानांवरच्या निळसर डागांकडे, आणि मला म्हणाले, "विचार, बोर्डो मारलंय का?"

मी विचारायची गरजच पडली नाही. 'बोर्डो' हा शब्द त्यांनी ऐकला आणि हसून मान हलवली. मोरचूद आणि चुना. बोर्डो हे एका शहराचं आणि तिथल्या वाइनचं नाव आहे, हे मला पुण्याला शिकायला गेल्यावर कळलं. त्याआधी आमच्या घरात बोर्डो म्हणजे ड्रममध्ये कालवलेलं निळं पाणी, डावणी या बुरशीच्या रोगावरचं औषध. 2024 साली पावसाने इथे डावणीने थैमान घातलं, अनेकांचं अर्ध्याहून जास्त पीक गेलं. 2021 च्या एप्रिलमध्ये दहिवराने कोवळे कोंब जाळले होते. नानांनी 'किती गेलं?' असं हाताने विचारलं, मालकांनी चार बोटं दाखवून तीन मिटली. चारातला एक हिस्सा वाचला. दोघंही थोडा वेळ गप्प उभे राहिले.

मग बागेत गेलो. इथे, वरच्या भागात, काही बागा रुंद ओळींच्या आणि उंच तारेच्या आहेत. जमीन मुबलक आणि मजूर कमी म्हणून गेल्या शतकात अशी लागवड झाली. नाना पहिल्यांदाच सरळ उभे राहून वेलीशी बोलू शकले. त्यांनी खोड खरवडून कलमाची गाठ दाखवली. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपच्या मुळ्या खाल्ल्या, तेव्हापासून इथली जवळपास सगळी द्राक्षं अमेरिकन खुंटावर आहेत. आमची बागही डॉगरिजवर, तोही अमेरिकेचाच. "खाली एकच आजोळ," नाना म्हणाले.

वेली फुलोऱ्यात होत्या. द्राक्षाचं फूल दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, पिवळसर धुरळ्यासारखं असतं, पण वास येतो, अगदी हलका, गोडसर. मालकांनी सांगितलं की पूर्ण फुलोऱ्यापासून शंभर दिवस मोजायचे, मग तोडणी. नानांनी खिशातली डायरी काढून तारीख लिहिली.

तळघरात खाली गारवा. मी तीन वाइन चाखल्या. 2022 ची लाल ओत-कोत द बोन आधी: रंग पातळ, काठाला जांभळट, वास करवंदाच्या जाळीत शिरल्यासारखा, फळ आणि पाला दोन्ही. तोंडात हलकी, पण मागे बारीक तुरटपणा रेंगाळतो, जेवण मागतो. 2023 ची त्यापेक्षा गोलसर, आत्ताच प्यायला तयार. त्या वर्षी पीक भरपूर आलं होतं, म्हणून काहींची वाइन पातळ झाली, इथे तसं नव्हतं. पांढरी शार्दोने ताजी, सफरचंदाची. मी प्रत्येक घोट थुंकपात्रात टाकत होते. दिवसाला पंधरा-वीस वाइन चाखायच्या तर दुसरा मार्ग नाही. नानांनी पेला हातात घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले. प्यायले नाहीत. म्हणाले, "लालमध्ये तोडणीच्या वेळच्या शेडचा वास आहे."

लाल सोळा युरो, पांढरी पंधरा. प्रत्येकी सहा घेतल्या. निघताना नानांनी पुन्हा त्यांचा प्रश्न विचारायला लावला. मालकांनी सरळ उत्तर दिलं: दारात विकली तर सगळे पैसे माझे, आणि त्यातून बाटली, बूच, लेबल, पिंप, मजुरी वजा. व्यापाऱ्याला द्राक्षं दिली तर भाव तो ठरवतो. नाना बराच वेळ मान हलवत होते.

संध्याकाळी मेर्सोजवळ आणखी एका घरी गेलो. एक युक्ती मला आधीपासून माहीत होती: नामांकित गावातल्या उत्तम शेतकऱ्याची साधी 'बूर्गोन्य ब्लां'. गावाच्या सीमेच्या जरा बाहेरची, रस्त्याखालची शेतं, पण हात तेच, तळघर तेच. युक्ती खरी आहे, वाइन अप्रतिम होती, लोण्यात भाजलेल्या बदामासारखी. पण ही युक्ती आता सगळ्या जगाला कळली आहे. सव्वीस युरो, आणि एका माणसाला दोनच बाटल्या. एकही घेतली नाही.

दिवस तिसरा, 12 जून: बुझरोंपासून ब्युक्सीपर्यंत

या दिवसाबद्दल मला सर्वात जास्त लिहायचं आहे, कारण माझ्या मते चांगल्या भावाची लाल वाइन शोधणाऱ्याने बोनहून थेट दक्षिणेला, कोत शालोनेझला जावं.

पहिलं गाव बुझरों. इथे आलिगोते ही पांढऱ्या द्राक्षाची जात राज्य करते. बर्गंडीत पांढरी म्हटलं की शार्दोने. आलिगोतेला कायम सपाटीवरची उरलीसुरली जमीन मिळाली. दिजाँचे महापौर फेलिक्स किर पाहुण्यांना आलिगोतेत ब्लॅककरंट या फळाची लिकर घालून द्यायचे, त्यावरून त्या पेयालाच किर म्हणतात. म्हणजे ही द्राक्षं आंबट, गोड काहीतरी घालूनच प्यायची, असा समज झाला. गंमत अशी की शार्दोने आणि आलिगोते ही सख्खी भावंडं आहेत, दोघांचे आईबाप पिनो आणि गुऐ ब्लां. गामेसुद्धा त्याच घरातली. बुझरोंला आलिगोते उतारावर, चुनखडीत लावली जाते, आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस या गावाला फक्त आलिगोतेसाठी स्वतःचं नाव मिळालं. असा मान दुसऱ्या कुठल्याही गावाला नाही.

चाखली. कैरीच्या फोडीवर मीठ टाकून पहिला घास घेतल्यावर जबड्याच्या मागे जे होतं, तेच. पण त्यामागून फुलाचा वास आणि दगडासारखी स्वच्छ चव. मी इथे ठासून सांगते: कोकणी पद्धतीचा तळलेला मासा, कोथिंबिरीची वडी, अळूवडी, यांच्याबरोबर शार्दोने नव्हे, आलिगोते. लिंबू पिळल्यासारखं काम करते. बुझरों गावाच्या नावाची सोळाला होती. शेजारच्याच शेतकऱ्याकडे साधी 'बूर्गोन्य आलिगोते' अकराला मिळाली. दोन्हींत फरक होता, पण पाच युरोंचा नव्हता. अकराच्या सहा घेतल्या.

र्‍युली पटकन पाहिलं. इथे एकोणिसाव्या शतकापासून फेसाळ वाइन बनते, आणि क्रेमां द बूर्गोन्य म्हणजे शँपेनसारखीच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली वाइन, भाव मात्र खूपच कमी. लग्नकार्यासाठी लक्षात ठेवण्यासारखी. मेर्क्युरेमध्ये लाल चांगल्या होत्या, पण वीसच्या पुढे गेलेल्या. जिव्रीचं नाव सांगताना तिथली माणसं चौथ्या हेन्री राजाला ही वाइन आवडायची हे हमखास सांगतात. जिव्रीची सतरा युरोंची एक लाल मला फार आवडली, तुतीच्या रसासारखी भरीव. ती प्रादेशिक नव्हे, गावाची होती, तरी माझ्या मर्यादेत बसली. तीन बाटल्या.

दुपारी ब्युक्सीला पोचलो. इथे 1931 साली सुरू झालेली शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे. दारावर 'सहकारी' हा शब्द मी भाषांतर करून सांगितला आणि नाना थबकले. ते आमच्या भागातल्या कारखान्याचे सभासद, तिशीपासून. सहकाराचं चांगलं आणि वाईट दोन्ही त्यांनी पाहिलं आहे. काउंटरवरच्या बाईंना त्यांनी माझ्यामार्फत इतके प्रश्न विचारले की त्यांनी आतून एका सभासद शेतकऱ्याला बोलावलं. द्राक्षं सभासद आणतात, पिकाचा दर्जा पाहून भाव ठरतो, पैसे वर्षभरात हप्त्यांनी येतात. "हप्ते वेळेवर येतात?" "येतात." नानांनी त्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरला.

लोक सहकारी संस्थेच्या वाइनकडे नाक मुरडतात. मी मुरडत नाही. एवढ्या मोठ्या प्रमाणावर काम करणारी संस्था चांगली असली की साध्या वाइनमध्ये वर्षानुवर्षं सातत्य देते, आणि लहान शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या दारात उभं राहावं लागत नाही. 'बूर्गोन्य कोत शालोनेझ', लाल, पिनो न्वार, साडेदहा युरो. चेरी, किंचित मिरी, शेवट स्वच्छ. बोनला चोवीसला घेतलेली ती बाटली हिच्या जवळपासही नव्हती. सहा घेतल्या. शेजारच्या मोंतान्यी गावात फक्त पांढरीच बनते. तीही चाखली, चांगली होती, पण पांढरीसाठी मला उद्यापर्यंत थांबायचं होतं.

रात्री नानांनी भाकरीची आठवण काढली. मी सोबत आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या दोन भाकऱ्या खोलीच्या शेगडीवर केल्या, आणि नवऱ्याने दिवसभर न चाखलेली कोत शालोनेझ आता पेल्यात ओतली. ठेच्याबरोबर नाही जमली, शेंगदाण्याच्या आमटीबरोबर छान जमली.

दिवस चौथा, 13 जून: माकोने

दक्षिणेला उतरलं की घरांची कौलं बदलतात, ऊन बदलतं. इथे शार्दोने नावाचं गावच आहे, आणि त्या द्राक्षाचं नाव या गावावरून आलं असं मानतात. नानांनी पाटीजवळ फोटो काढून घेतला.

माकोनेची पायरी सोपी आहे. नुसतं 'माकाँ', त्यावर 'माकाँ-व्हिलाज', त्यावर 'माकाँ' आणि पुढे एखाद्या गावाचं नाव. अशी 27 गावं आहेत: लुन्यी, आझे, इजे, व्हेर्झे वगैरे. माझा सल्ला, गावाचं नाव असलेली घ्या. भावात दोन-तीन युरोंचा फरक, चवीत त्याहून बराच जास्त. शिवाय तोडणी हाताने की यंत्राने, हे विचारा. माकोनेत यंत्र सर्रास चालतं. यंत्राचीही वाइन चांगली होऊ शकते, पण हाताने तोडणारा माणूस सहसा बाकीच्या गोष्टीतही काटेकोर असतो.

दुपारी सोल्यूत्रेचा सुळका चढलो. 493 मीटर, खाली चहूकडे वेली. पायथ्याशी अश्मयुगातल्या माणसांनी मारलेल्या घोड्यांच्या हाडांचे थर सापडले आहेत. एका प्रागैतिहासिक काळाला नावच सोल्यूत्रियन पडलं. नाना सत्तर वर्षांचे, न थांबता वर गेले. वरून मी त्यांना सीमा दाखवल्या. ही पुयी-फ्युइसे, चार गावांची. 2020 च्या हंगामापासून तिच्या 22 तुकड्यांना प्रीमिए क्रूचा दर्जा मिळाला आणि भाव चढले. आणि तिच्या दोन्ही अंगांना लागून ही सँ-व्हेराँ. तीच टेकडी, तीच चुनखडी, तेच द्राक्ष.

"बांध ओलांडला की भाव उतरला," नाना म्हणाले.

बांध ओलांडून आम्ही एका बाईंकडे गेलो, ज्या नवरा गेल्यावर एकटीने सात हेक्टर सांभाळतात. त्यांची सँ-व्हेराँ चौदाला: पिकलेला पेरू, खाली मोसंबीच्या सालीचा कडवटपणा, आणि लाकडाची लुडबूड नाही. हीच वाइन पुयी-फ्युइसेच्या लेबलखाली पंचवीसला गेली असती, हे मी खात्रीने म्हणते. सहा घेतल्या. नानांनी त्यांच्या छाटणीच्या कात्रीचं पातं तपासलं आणि मूठ कशी झिजली आहे ते मला दाखवलं. बाई डावखुऱ्या होत्या, ते त्यांनी मुठीवरून ओळखलं. मी सांगितलं तेव्हा बाईंनी आत जाऊन जुनी कात्री आणली, नवऱ्याची, आणि नानांच्या हातात दिली. नुसती पाहायला. नानांनी ती उघडझाप केली, धारेवरून अंगठा फिरवला आणि दोन्ही हातांनी परत केली.

क्लुनीच्या मठाचे अवशेष संध्याकाळी पाहिले. 910 साली स्थापन झालेला. फार दमलो होतो.

दिवस पाचवा, 14 जून: उत्तरेचं टोक

पहाटे निघून उत्तरेला ओसेरकडे. शाब्लीला सगळे जातात. आम्ही तिथे थांबलो नाही, कारण शेजारच्या शितरी गावात तोच खडक आहे, किमरिज काळातली चुनखडी, जुन्या समुद्राच्या तळाची. तिथल्या शार्दोनेला 'बूर्गोन्य शितरी' म्हणतात आणि भाव अकरा युरो. नानांनी शेतातून एक ढेकूळ उचललं. त्यात नखाएवढे शिंपले. आमच्याकडे काळी माती, खाली मुरूम, त्याखाली लाव्हाचा खडक. त्यांनी तो शिंपला बराच वेळ बोटावर फिरवला आणि परत ओळीत ठेवून दिला.

वाइन धारदार, थंड, ओल्या दगडासारखी. सँ-ब्रीत सोव्हिन्यों ब्लां मिळते, बर्गंडीत एवढ्याच एका ठिकाणी. चांगली, पण मला बर्गंडीत येऊन सोव्हिन्यों नको होती. इराँसी मात्र पाहण्यासारखं: वाटीसारखी दरी, मधोमध गाव, कडेने वेली आणि चेरीची झाडं. पिनोत थोडी सेझार नावाची जुनी स्थानिक द्राक्षं मिसळतात, त्याने रंग आणि तुरटपणा वाढतो. पंधरा युरो. आत्ता कडक आहे, दोन-तीन वर्षं ठेवली पाहिजे. जागा तिनाचीच उरली होती. तीनही बाटल्या इराँसीच्याच घेतल्या, शितरीची फक्त चव घेऊन निघालो, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे.

संध्याकाळी जर्मनीकडे निघताना हिशेब केला. छत्तीस बाटल्या, पाचशे युरोंच्याही आत. सरासरी पावणेचौदा.

नाना जूनअखेर परत गेले. सप्टेंबरच्या 19 तारखेला सकाळी त्यांचा फोन आला. तिकडे पाऊस लांबला होता, छाटणी कधी धरावी याची चिंता चाललेली.

"आज शंभर झाले," ते म्हणाले. "त्या वरच्या डोंगरावरच्यांचं विचार गं. डावणी नाही ना आली?"

मी फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. दुपारी लावला, संध्याकाळी लावला. कुणी उचलला नाही. नानांना तसं सांगितलं.

"मग बागेत असतील," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला हसू ऐकू आलं.